व्यायामातली कृतज्ञता पाठ होऊन गेली असेल, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ४३. गेले सात महिने तुम्ही आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी ५० मिनिटे भरभर चालता आणि दोन दिवस वजनांचे व्यायाम करता. ट्रेनरने सुचवल्यावरून व्यायाम संपला की रोज तीन गोष्टींबद्दल मनातल्या मनात आभार मानायचे, असा नेम तुम्ही घालून घेतला. पहिले पंधरा दिवस त्याने खरोखर प्रसन्न वाटले. आता मात्र ‘शरीर, वेळ, कुटुंब’ हे तीन शब्द बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणून होतात आणि म्हटल्याचे लक्षातही राहत नाही. त्यात उजवा गुडघा कुरकुरू लागला आहे. त्याचा राग येतो, आणि ज्या शरीराचे आभार मानायचे त्याचाच राग आला म्हणून वर अपराधीही वाटते. हे सोडून द्यावे की अधिक मन लावून करावे, असे तुम्ही विचारले आहे.

दुखापतीतून सावरणाऱ्या आणि उतारवयात प्रथमच व्यायामाकडे वळणाऱ्या माणसांना मी गेली १९ वर्षे व्यायाम शिकवते आहे. त्या अनुभवावरून सांगते की या दोन्हींपैकी एकही पर्याय मी सुचवणार नाही. तुमचे मन कुठे कमी पडते आहे असे मला वाटत नाही. तुमच्या नेमात आभार आहेत, पण ते कशाबद्दल आहेत हे त्या दिवशीच्या व्यायामातून आलेले नाही. ‘शरीर, वेळ, कुटुंब’ ही यादी व्यायाम न करताही म्हणता आली असती. म्हणजे तुम्ही व्यायामात कृतज्ञता आणलेली नाही, व्यायामाच्या शेवटाला ती टाचली आहे, आणि टाचलेली गोष्ट सुटणारच.

पुढचे सगळे सांगण्याआधी एक मर्यादा मान्य करते. हे कोणाला किती मानवेल ते परिस्थितीवर अवलंबून असते. नुकताच मोठा आघात झालेल्या, दीर्घ आजारातून जाणाऱ्या किंवा मन सतत खिन्न असणाऱ्या व्यक्तीला मी अशी यादी करायला सांगत नाही, कारण तिला यादीत घालण्यासारखे काही सुचले नाही तर तो तिला स्वतःविरुद्धचा आणखी एक पुरावा वाटतो. खाल्ल्याची भरपाई म्हणून व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीतही मी फार जपून पाऊल टाकते. तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. दिसले असते तर उत्तर वेगळे झाले असते.

आता ती पहिली पंधरवड्याची प्रसन्नता कुठे गेली, ते पाहू. व्यायामाची सवय लागणे म्हणजे तो करण्यासाठी विचार करावा न लागणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी रोजची साधी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसामाणसांतला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. सात महिन्यांत तुमचे चालणे अंगवळणी पडले असेल तर ते उत्तमच झाले, कारण उठल्यावर ‘आज जावे का’ हा वाद स्वतःशी घालावा लागत नाही. पण कृतज्ञतेला नेमके उलटे काहीतरी लागते. ती लक्ष देण्यावर जगते, आणि सवय लक्षाची गरज संपवते. म्हणून जे चालण्याच्या बाबतीत यश आहे, तेच आभारांच्या बाबतीत अपयश ठरते. हे दोन्ही एकाच पद्धतीने, म्हणजे रोज त्याच वेळी आणि त्याच क्रमाने, रुजवायला गेलो की व्यायाम टिकतो आणि कृतज्ञतेचा सोपस्कार होतो.

रोज करणे म्हणजे अधिक चांगले, हा समजही इथे तपासून पाहायला हवा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात सर्वांत अधिक सांगितले जातात. त्यांतील पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, सुमारे १० आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहिल्या. आठवड्यातल्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा या गटाने अधिक व्यायाम केल्याचे सांगितले. हा भाग सगळीकडे ऐकू येतो. त्याच लेखातल्या दुसऱ्या प्रयोगात लेखन रोज होते आणि ते दोनच आठवडे चालले. त्यात व्यायामाच्या बाबतीत असा फरक दिसला नाही, पण हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय व्यायामाचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच दिलेला होता, हेही ध्यानात ठेवावे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या कामातही आठवड्यातून एकदा असे लेखन करणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा करणाऱ्यांना तसा झाला नाही. मी स्वतः हे वाचण्याआधी चूक करून शिकले, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्याकडे येणाऱ्यांसाठी एक छापील तक्ता केला होता. त्यात रोजच्या व्यायामाच्या नोंदीखाली ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे’ असे लिहून पाच रेघा आखल्या होत्या. महिन्याभरात त्या रेघांवर ‘निरोगी शरीर’, ‘वरीलप्रमाणे’ आणि पुढे नुसती दोन टिंबे येऊ लागली. त्याचे मला हसू आले असते, पण त्याच तक्त्यामुळे एका बाईंचा खांदा सहा आठवडे दुखत राहिला आणि मला पत्ता लागला नाही. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमच्या कागदावर चांगलेच लिहायचे होते ना?” तक्रारीला मी जागाच ठेवलेली नव्हती. त्यांना वाटले होते की आपण दुखण्याबद्दल बोललो तर आपण कृतघ्न ठरू. तो तक्ता मी त्याच आठवड्यात काढून टाकला. तुमच्या गुडघ्याबद्दल वाचताना मला पहिल्यांदा तो खांदाच आठवला.

त्यानंतर मी त्या शब्दाकडेच नव्याने पाहू लागले. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दात आभाराचा उल्लेख नाही, आनंदाचा नाही आणि परतफेडीचाही नाही. आहे ते फक्त जाणणे. कोणी काहीतरी केले, काहीतरी घडले, आणि ते माझ्या लक्षात आले, एवढाच त्याचा गाभा आहे. आभार त्यानंतर येतात, कधी येतही नाहीत, आणि आले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. हे कळल्यावर माझी शिकवण्याची रीत बदलली. ‘आभार माना’ अशी आज्ञा पाळता येत नाही, कारण भावना हुकमी येत नाही. ‘आज काय घडले ते नेमके बघा’ हे मात्र पाळता येते, आणि नेमके बघितलेल्या गोष्टीपाशी मन बऱ्याचदा आपसूक थांबते.

मग व्यायामात बघायचे ते काय? इथे मी माणसांना शरीराच्या दिसण्याकडून त्याच्या करण्याकडे वळवते. जेसिका अलेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तरुण स्त्रियांना आपले शरीर काय काय करू शकते आणि ते आपल्याला का महत्त्वाचे वाटते, याविषयी तीन वेळा लिहायला लावले, आणि त्यांचे शरीराविषयीचे समाधान वाढलेले दिसले. माझ्याकडच्या माणसांतही आरशातून आलेली कृतज्ञता फार काळ टिकलेली मी पाहिलेली नाही, कारण आरसा रोज नवी मागणी करतो. करण्यातून आलेली टिकते. तुमचे चालणेच घ्या. स्वस्थ बसलेले असताना तुमचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवते आणि जोरदार श्रमात हेच प्रमाण २० लिटरच्या आसपास पोहोचू शकते. बसलेले असताना स्नायूंच्या वाट्याला या रक्तापैकी साधारण एक पंचमांश येते, आणि जोराच्या व्यायामात हा वाटा चार पंचमांशांच्या आसपास जातो. ही सगळी फिरवाफिरव तुम्ही न सांगता होते. पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळले जाऊन पायांतले रक्त वर ढकलतात, आणि म्हणूनच वेगात चालून एकदम खिळल्यासारखे उभे राहिले की एखाद्याला गरगरते.

एवढी शारीरिक माहिती कशासाठी, असे वाटेल. माहितीमुळे ‘शरीर’ या गुळगुळीत शब्दाचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांकडे बघता येते. ‘शरीराचे आभार’ म्हणून जे साधत नाही ते ‘शेवटचा चढ चढून थांबल्यावर पूर्ण वाक्य बोलण्याइतका दम मला किती वेळात आला’ या प्रश्नाने साधते. सात महिन्यांपूर्वी तो बहुधा बऱ्याच उशिरा येत असे. मनगटावर बोटे ठेवून थांबल्याक्षणीची आणि एका मिनिटानंतरची नाडी मोजून पाहा. नियमित व्यायामाने ती अधिक लवकर उतरू लागते. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ आभार वगैरे शब्दांना नाक मुरडत असत. एके दिवशी जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठल्यावर ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, “हे मला दोन वर्षांपूर्वी जमत नव्हते.” त्यापुढे त्यांनी काही म्हटले नाही आणि मीही म्हणायला लावले नाही. मला अपेक्षित असलेली कृतज्ञता ती हीच.

दुसरा प्रश्न जागेचा. तुम्ही आभारांना व्यायाम संपल्यानंतरचा, घाईचा क्षण दिला आहे, तर काही जण नेमक्या अति श्रमाच्या क्षणी ‘किती भाग्यवान मी’ असे स्वतःला ऐकवायचा प्रयत्न करतात. दोन्ही जागा चुकीच्या आहेत. श्रमाची तीव्रता एका मर्यादेपलीकडे गेली, बोलणे तुटू लागले, की जवळजवळ प्रत्येकाला त्या वेळी कमी सुखद वाटते, हे एक्केकाकिस यांच्यासारख्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. अशा वेळी लक्ष श्वासाकडे आणि जळजळणाऱ्या मांड्यांकडेच ओढले जाते आणि तिथे जाणेच योग्य आहे. वजन डोक्यावर असताना कृतज्ञतेचा विचार करू नये; वजनाचाच करावा.

सोयीच्या जागा तीन आहेत. सुरुवातीची पाच मिनिटे, म्हणजे वॉर्म-अप, त्यांतली पहिली. पण ती फार श्रीमंत नसते, कारण तेव्हा अजून काही घडलेले नसते. तिथे मी एवढेच करायला सांगते की आज काय साथ देते आहे आणि काय देत नाही, याची घोट्यापासून मानेपर्यंत एक फेरी मारावी. दुसरी जागा दोन सेटमधल्या (म्हणजे एकाच व्यायामाच्या सलग पुनरावृत्तींच्या दोन फेऱ्यांमधल्या) विश्रांतीची. वजनांच्या व्यायामात एक ते तीन मिनिटांचे हे तुकडे अनेकदा येतात, आणि हल्ली ते सगळेच्या सगळे फोनला जातात. (त्याबद्दल माझे मत तीव्र आहे, पण ते इथे नको.) त्या मिनिटात नुकत्याच झालेल्या सेटमधली एक पुनरावृत्ती आठवावी, जी मनासारखी झाली होती, आणि ती का झाली ते पाहावे. गेल्या महिन्यात जो डंबेल उचलताना कोपर थरथरत होते तो आज सरळ गेला, एवढेही पुरे.

तिसरी आणि सर्वांत सकस जागा म्हणजे शेवटची आठ-दहा मिनिटे, पण व्यायाम संपल्यानंतरची नव्हे, उतरत्या व्यायामातली. झेन्को, एक्केकाकिस आणि एरिएली यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांनी १५ मिनिटांचा व्यायाम हळूहळू वाढत्या जोराने केला आणि काहींनी हळूहळू उतरत्या जोराने. उतरत्या जोराने संपवणाऱ्यांच्या स्मरणात तो व्यायाम अधिक सुखद राहिला. शेवट जसा होतो तशी आठवण बनते, आणि त्या आठवणीवर उद्याचे पाऊल अवलंबून असते. तुम्ही लिहिले आहे की शेवटची दहा मिनिटे तुम्ही सर्वांत जोरात चालता, मग थांबता आणि बूट काढता काढता आभार मानता. हा क्रम उलटा करून पाहा. जोराचा टप्पा मध्यावर घ्या, शेवटी वेग उतरू द्या, आणि त्या उतारावर एक गोष्ट शोधा. तीन नको, एकच. तिला अट एवढीच की ती कालच्या दिवशी सांगता आली नसती.

या अटीतच बहुतेक सगळे आले. ती पाळली की ‘कुटुंब’ आपोआप यादीतून जाते, आणि ‘आज मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या वाटणीचे काम कोणीतरी न बोलता उरकले’ हे तिथे येते. माणसे आणि वस्तू यांबद्दल मी इथे लांबण लावत नाही. व्यायामासाठी मोकळा झालेला वेळ कोणाच्या तरी वेळातून आलेला असतो, हे एकदा लक्षात आले की पुढचे तुम्हाला मी सांगायला नको. त्या माणसाला घरी गेल्यावर तसे सांगितलेत, तर मनातल्या मनात म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आतापर्यंतचे एका वाक्यात सांगायचे तर, आभारांची यादी थांबवा, त्या दिवशी घडलेली एकच नेमकी गोष्ट व्यायामाच्या उतरत्या टप्प्यात शोधा, आणि सापडली नाही तर तसेच घरी जा.

हे शेवटचे मी जाणूनबुजून लिहिले आहे, कारण तुमच्या पत्रात अपराधीपणाचा सूर तीनदा आला आहे. मराठीत आपण उपकारांच्या पाठोपाठ ऋण आणि उतराई हे शब्द आणतो, आणि त्यामुळे कृतज्ञता हे एक कर्ज वाटू लागते, जे फेडले नाही तर व्याज चढेल. व्यायामात हे विशेष घातक ठरते. ‘मला धडधाकट पाय मिळाले आहेत, तेव्हा आज दमलो असलो तरी जायलाच हवे’ असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. वरवर ती कृतज्ञता दिसते, पण आत धाक असतो. धाकाने माणूस काही महिने नियमित येतो आणि एका आठवड्याच्या खंडानंतर तोंड दाखवायला संकोचतो, म्हणून पुन्हा येतच नाही. तुम्ही आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालता आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, असेच सांगितलेले आहे. म्हणजे तुम्ही कोणाचे काही देणे लागत नाही. विश्रांतीचा दिवस घेतल्याने कोणाचाही अवमान होत नाही, आणि स्नायूंची डागडुजी तर त्याच दिवशी होते.

आता गुडघा. कृतज्ञतेच्या नावाखाली दुखणे दाबू नये, हा या उत्तरातला एकमेव मुद्दा आहे ज्यात मी सूट देणार नाही. केलेले जाणायचे असेल तर दुखणेही जाणले पाहिजे. त्याचा राग येणे साहजिक आहे. माझा घोटा एकदा पाच महिने धड नव्हता तेव्हा मी त्याला जे बोलले ते लिहिण्याजोगे नाही, आणि त्याने घोटा बरा होण्यात काही अडथळा आला नाही. तुमच्या बाबतीत मी आधी विचारीन की दुखणे कधी सुरू होते, उतारावर वाढते का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर येते का. दुखणे सौम्य असेल, चालताना वाढत नसेल आणि सकाळपर्यंत शमत असेल, तर मी सहसा चालणे बंद करत नाही. दोन-तीन आठवडे उतार आणि वेग कमी करते, वेळ चार भागांत एका भागाने घटवते आणि मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवते. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, चालता चालता दगा देत असेल, रात्री झोपमोड करत असेल किंवा त्यावर भार देता येत नसेल, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. तुम्ही यांपैकी काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे याहून पुढे मी न पाहता बोलणे बरोबर नाही.

वहीबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. लिहिलेच पाहिजे असे नाही. माझ्याकडच्या निम्म्या लोकांना लिहिणे मानवत नाही, आणि ते चालताना शोधतात तेवढे पुरते. तुम्हाला लिहायचे असेल तर रोज न लिहिता आठवड्यातून एकदा, विश्रांतीच्या दिवशी लिहा. पानाच्या डाव्या बाजूला त्या आठवड्यात शरीराने केलेली एक-दोन नेमकी कामे, आणि उजव्या बाजूला दुखलेखुपले, जमले नाही ते, आणि रागसुद्धा. दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवा आणि एखाद्या आठवड्यात डावी बाजू कोरी राहिली तर कोरीच राहू द्या. पहिल्या पानाच्या उजवीकडे गुडघा लिहा, तारखेसह. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर ती नोंद तिथेही उपयोगी पडेल.